तोंडाला जखम आहे म्हणाले

व्हरांड्यात विचारलं की कुणालाच काही होत नाही. आशाताई मांडीवर रजिस्टर घेऊन एकेकीला विचारतेय. ताप? नाही. चक्कर? उन्हात कुणाला येत नाही. पाळी? येते. “अंगावरून पांढरं जातं का?” या प्रश्नाला बाई पदर सारखा करते, शेजारणीकडं बघते आणि म्हणते, “नाय बाई, तसलं काही नाही.” आशाताई ‘नाही’ लिहीत नाही, रकाना मोकळा सोडते. “आत गेल्यावर सांगतेत,” ती मला हळूच म्हणते. ती याच गावची सून. कुणाच्या घरात काय दुखतंय हे तिला रजिस्टरापेक्षा जास्त ठाऊक आहे.

गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतारावर. सावरगाव घाटचा दसरा मेळावा उरकलाय, बाजरी निघालीय, कापसाची पहिली वेचणी चाललीय आणि रस्त्याला पोरं सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलीत. दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं ऊसतोडीच्या टोळ्या हलतील. कुणी सांगली-कोल्हापूरकडं जाईल, कुणी पार बेळगावच्या कारखान्यांवर. मार्च-एप्रिलात हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परत येणं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस जरी फडात गेलं नाही तरी खाडा, म्हणजे दंड. म्हणून जाण्याआधी बायांची तपासणी करून कार्डावर नोंद करायची, हे आजचं शिबिर. उपकेंद्रासमोरच्या लिंबाखाली पुरुषमंडळी बसलीत. त्यांना कुणी काही विचारत नाही.

आतली खोली अरुंद. लोखंडी टेबलावर मेणकापड, पायाशी मान वाकवता येणारा दिवा, स्टीलच्या डब्यात निर्जंतुक केलेले स्पेक्युलम, कापसाचे बोळे, आणि एका बाटलीवर चिकटपट्टी लावून पेननं लिहिलंय: अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. सिस्टरनं लाइटचा भरवसा नको म्हणून बॅटरी आणलीय. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, अंबाजोगाईला शिकलेल्या, बोलायला मोकळ्या. मी पडद्याच्या बाहेर बसायचं असं आमचं ठरलंय. पण पहिलीच बाई, चाळिशीला टेकलेली, हिरव्या लुगड्यातली, टेबलावर चढता चढता म्हणते, “बसू द्या की त्यांना आत. बाळंतपणात निम्म्या गावानं बघितलंय.” सिस्टर हसते. मी स्टूल आत ओढते.

डॉक्टरीणबाई दिवा वळवतात, स्पेक्युलम पाण्यात बुडवून कोमट करतात. “मावशी, श्वास सोडा. आवळून धरू नका.” मग मला खुणावतात. बाया जिला पिशवी म्हणतात त्या गर्भाशयाचं तोंड योनीत खाली उतरलेलं असतं. बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, असं जुन्या सुइणी शिकाऊ पोरींना सांगायच्या. दिव्याच्या उजेडात ते गुलाबी, ओलसर, गोल दिसतंय. मधोमध आडवी चीर आहे. मूल झालेल्या बाईत ती आडवी असते, न झालेलीत बारीक गोल छिद्र. त्या चिरेभोवती लालसर कडं दिसतंय.

“दिसलं लाल?” डॉक्टरीणबाई विचारतात. “याच्यावर लोकांनी माड्या बांधल्यात.”

बाहेरून दिसणारा तोंडाचा भाग जाड, अनेक थरांच्या कातडीनं झाकलेला असतो, म्हणून तो फिकट गुलाबी. आतल्या नळीचं अस्तर एकाच थराचं असतं. त्यातून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात, म्हणून ते लाल. हे आतलं अस्तर थोडं बाहेर उतरलं की तोंडाभोवती लाल कडं दिसतं. तरुणपणी, गरोदरपणी, पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असताना ते सर्रास दिसतं. त्यातून थोडा चिकट पांढरा स्राव जास्त येतो, एवढंच. जुन्या पुस्तकांनी त्याला इरोजन म्हटलं, डॉक्टरांनी मराठीत ‘जखम’ केलं, आणि बायांच्या कानावर पडलं ते एवढंच की पिशवीच्या तोंडाला जखम आहे. ती जखम नसते, जंतुसंसर्गही नसतो, आणि कॅन्सर तर नसतोच.

मावशी कोपरावर उठतात. “नाही कशी? मला तर म्हणाले तोंडाला जखम आहे, वर्षात कॅन्सर होईन, काढूनच टाका. पस्तीस हजार सांगितले. मुकादमाला उचल मागावी म्हणत होतो.” उशाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्या सोनोग्राफीचा कागद काढतात. तो इंग्रजीत. डॉक्टरीणबाई वाचतात आणि कपाळाला हात लावतात: नॅबोथियन सिस्ट. तोंडावरच्या ग्रंथींची वाट बुजून आत पाणी साठलं की तयार होणारे बारीक फोड, मूल झालेल्या कितीतरी बायांमध्ये सापडणारे, काहीही न करता सोडून द्यायचे. मावशींना तो कागद वाचता येत नाही, पण गेलं वर्षभर त्यांनी तो घडी पडू न देता जपलाय.

डॉक्टरीणबाई कापसाच्या बोळ्यानं अ‍ॅसिड लावतात. खोलीत व्हिनेगरचा वास पसरतो; आहेही ते व्हिनेगरच्याच ताकदीचं. घड्याळाकडं बघत एक मिनिट थांबायचं. पेशींमध्ये कॅन्सरच्या दिशेनं बदल होत असतील तर तिथं दाट पांढरा डाग उमटतो. ज्या तपासणीवर देशाचा कार्यक्रम उभा आहे ती एवढीच: वय तीस ते पासष्ट, दर पाच वर्षांनी, एक बोळा आणि एक मिनिट. मावशींच्या तोंडावर काहीच उमटत नाही. “काही नाही मावशी. उठा. पाच वर्षांनी या.”

“मंग ती जखम?”

“जखमच नाही.”

मावशी लुगडं सारखं करतात, पण चेहऱ्यावर सुटका दिसत नाही, राग दिसतो. बाहेर जाता जाता त्या एक शिवी हासडतात. ती कुणाला हे विचारायला नको.

बीडच्या बाबतीत ही गोष्ट एका मावशीपुरती राहिलेली नाही. २०१९च्या उन्हाळ्यात विधिमंडळात आकडा आला की जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, आणि त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागं एक. तेव्हा देशभरचे पत्रकार इथं आले आणि ‘कोयता चालावा म्हणून पाळी थांबवली’ असं लिहून गेले. ते खोटं नव्हतं. खाड्याची भीती, खोपीत ना पाणी ना संडास, पहाटे तीनला उठून फडावर, रात्री-अपरात्री ट्रक भरायला; यात पाळी नकोशी होणारच. पण नुसतं तेवढं म्हटलं की बाईनं आपण होऊन पिशवी काढून टाकली असं चित्र उभं राहतं. व्हरांड्यातल्या बायांशी बोलल्यावर मला सुरुवात वेगळीच ऐकू येते. कुणीही ‘पाळी बंद करा’ म्हणून दवाखान्यात गेलेली नव्हती. ती गेली होती अंगावरून जातंय म्हणून, कंबर दुखते म्हणून, ओटीपोटात कळ येते म्हणून. पाच-सात दिवसांच्या गोळ्यांत बरं होईल असलं काहीतरी घेऊन ती गेली, आणि कॅन्सरचं भय घेऊन परत आली.

आता खासगी दवाखान्याला पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवरून सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखायला सांगितलं. नियम चांगला आहे. फक्त तो शस्त्रक्रियेच्या दारात उभा आहे. बाई त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या पांढऱ्या डागाला कुणाकडं जाते, तिथं नियम नाही आणि बहुतेक ठिकाणी दिवा आणि स्पेक्युलमही नाही.

पुढची आत येते. ही पस्तिशीची, पण चालताना गुडघ्यावर हात ठेवते. पिशवी काढून सहा-सात वर्षं झालीत. “मंग आता काय होतंय?” सिस्टर विचारते.

“जातंयच की. तवा जात होतं तेच आताबी जातंय. खाजबी येती.”

डॉक्टरीणबाई तपासतात. पिशवी नाही, तोंडही नाही, टाके भरलेले. स्राव मात्र पातळ, पिवळट-हिरवा, वासाचा. तो मुळात योनीतला आहे. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव असेल किंवा तिथल्या चांगल्या जंतूंचा तोल बिघडला असेल. सात वर्षांपूर्वीही कदाचित हेच होतं, आणि त्यासाठी गर्भाशय गेलं. सोबत दोन्ही अंडाशयंही गेली, हे तिच्या कागदांवरून दिसतं. तिशीच्या आत अंडाशयं काढली की पाळी जाते तेवढंच होत नाही. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि हे पन्नाशीत येण्याऐवजी ऐन कामाच्या वयात येतं. ती ज्या गुडघ्यावर हात ठेवून चालते त्याच गुडघ्यांवर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आहे.

“धुता कशानं?”

“डेटॉलनं. आतून. लय स्वच्छता ठेवते मी.”

“ते बंद करा.” डॉक्टरीणबाई हात पुसत तिला समजावतात. निरोगी योनीत दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद राहतात. ते आम्ल तयार करतात आणि बाकीच्यांना हटकतात. आतून औषधानं धुतलं की राखणदारच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. मला मात्र वाटतं, या बायांना स्वच्छतेचं प्रवचन देणाऱ्यांनी आधी खोपीपाशी एक नळ द्यावा. गर्भाशयाच्या तोंडाला सूज आणणारे मुख्य जंतू घामातून आणि चिखलातून येतच नाहीत. तरी दोष मात्र बाईच्या अंघोळीला.

सिस्टर हिरवं पाकीट देते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानं गुप्तरोगांसाठी रंगांची पाकिटं केलीत. हिरव्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, योनीतल्या स्रावासाठी. करड्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम, गर्भाशयाच्या तोंडाच्या सुजेसाठी. वाचता येवो न येवो, रंग कळतो. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असलेल्या खोलीत ही फुकट मिळतात. पाटी सोज्वळ ठेवलीय, तरी त्या खोलीपुढं उभं राहायची लाज जात नाही, असं सिस्टरच सांगते.

“आन् हे घेतल्यावर दोन-तीन दिवस दारू चालत नाही, मालकाला सांगा. त्यांनाबी गोळ्या देते,” सिस्टर म्हणते.

“त्येला दोन-तीन दिवस दारू नको म्हणायचं? तुम्हीच सांगा मंग.”

दुपारी डबे उघडतात. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. व्हरांड्यातल्या कुणीतरी दोन सीताफळं आणून ठेवलीत. डॉक्टरीणबाई जेवता जेवता बोलतात आणि मला कळतं की या मुलीनं वाचन केलंय. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांना तपासून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. त्यातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगातलं काही ना काही होतं, आणि त्याआधी या कारणासाठी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या सगळ्या दुखण्यांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गाचा होता. “आम्हाला हे एका तासात शिकवून मोकळे झाले,” त्या म्हणतात. “इथं आल्यावर कळलं की व्हरांड्यातलं ‘नाही’ म्हणजे काय.”

आणि दुसरा अभ्यास तर शेजारचाच. बीडच्या दक्षिणेला लागून धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून तिथल्या खेड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बाया घेतल्या. कुठं अ‍ॅसिड लावून बघितलं, कुठं पेशी काढून काचेवर बघितल्या, कुठं एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली, आणि एका गटाला नेहमीची सोय होती तेवढीच. आठ वर्षं पाठपुरावा झाल्यावर २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या होत्या, नुसत्या ठेवलेल्या गटात ६४. जगभर आज एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरतात त्यामागं या ज्वारीच्या पट्ट्यातल्या बाया आहेत. त्यांच्यातल्या कुणाला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून डॉक्टरीणबाई बोटांनी दोन वाटा दाखवतात. एक वाट जंतूंची: क्लॅमिडिया, गोनोरिया आणि त्यांचे सोबती. ते तोंडाला सूज आणतात, कधी पू आणतात, आणि कितीदा तर काहीच न दाखवता बसून राहतात. औषध मिळालं की जातात. नाही मिळालं तर वर चढून नळ्यांना धरतात. मग ओटीपोट कायमचं दुखतं, मूल राहत नाही, राहिलं तर नळीत राहतं. दुसरी वाट एचपीव्हीची. त्यात पांढरं नाही, वास नाही, दुखणं नाही. संबंध सुरू झालेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या अंगातून दोनेक वर्षांत निघूनही जातो. थोड्याजणींत तो मुक्काम करतो आणि दहा-पंधरा, कधी वीस वर्षांनी कॅन्सर होतो. त्यातही १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार साधारण सत्तर टक्क्यांना जबाबदार. बायांच्या मनात या दोन वाटा एक करून टाकल्यात. जे वाहतं, जे गोळ्यांनी जाईल, त्याला कॅन्सर म्हणून भ्यायचं. जे वाहत नाही, ज्याच्यासाठी दहा वर्षं हातात असतात, ते शोधायला कुणी यायचं नाही. वासाचं, रक्त मिसळलेलं जात असेल तर पुढं गेलेला कॅन्सर असूही शकतो, ते खरं. म्हणून तर बघायला हवं. न बघता भीती घालणं सोपं पडतं, कारण बघण्याचे पैसे मिळत नाहीत, काढण्याचे मिळतात.

दुपारनंतर एक लहान चणीची पोरगी आत येते. पोरगीच म्हणते, कारण तिच्या मागं दारात उभा असलेला नऊ वर्षांचा मुलगा तिचा भाऊ वाटतो. तो तिचा लेक. दोन बाळंतपणं, मग नसबंदीचं ऑपरेशन, सगळं विशीत उरकलेलं. काय होतंय, तर कंबर. आणखी काय? काही नाही. आणखी? ती सिस्टरच्या कानाला लागते. सिस्टर आम्हाला सांगते, “मालक जवळ आले की नंतर लाल दिसतंय म्हणती. दोन-तीन महिने.”

दिवा वळतो. हे तोंड वेगळं आहे, माझ्याही डोळ्यांना कळतं. फुगलेलं, आणि चिरेतून पिवळट घट्ट धागा लोंबतोय. डॉक्टरीणबाई पांढरा बोळा आत फिरवून बाहेर काढतात: बोळ्याचं टोक पिवळं. बोळा जिथं टेकला तिथून रक्ताचा थेंब आलाय. पिवळा बोळा आणि स्पर्शाला रक्त, एवढ्या दोन खुणांवर त्या निदान करतात. कुठला जंतू ते सांगणारी प्रयोगशाळा इथं नाही. त्या पोट दाबून बघतात, तोंड हलवून बघतात, कळ येते का विचारतात. येत नाही, म्हणजे वर चढलेलं नसावं. गरोदर नाही याचीही खात्री करतात.

“पिशवी काढावी लागंन का?” पोरगी छताकडं बघत विचारते.

“गोळ्या खाव्या लागतील.”

“नुस्त्या गोळ्या?”

“तुला आणि मालकाला.”

ती झटकन उठून बसते. “त्येला कामून? त्येला काही होत नाही. आन् मी सांगितलं तर मलाच बडवीन, म्हणीन तू कुठून आणलं.”

खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. नसबंदी झाली की या घरांत निरोध हा विषयच संपतो. पोरं थांबली ना, मग आता कशाला? पोरं थांबतात, जंतूंना त्या टाक्यांशी देणंघेणं नसतं. आणि हे जंतू महिनोन् महिने काही न दाखवता राहतात, त्यामुळं आधी कुणाला झालं हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई तिला विचारतात, “मी बोलू? तुझं काही सांगत नाही. जोडीची तपासणी म्हणून बोलावते.” ती मान हलवते.

लिंबाखालून नवरा येतो. पंचविशीचा, दाढी वाढलेला, चप्पल दाराबाहेर काढून आत उभा. डॉक्टरीणबाई त्याला खुर्ची देतात आणि आवाज अगदी साधा ठेवतात. दोघांच्या अंगात जंतू असू शकतात, दोघांनी एकदम औषध घ्यायचं.

“मला काहीच होत नाही, म्याडम.”

“पुरुषाला पुष्कळदा काही होत नाही, तरी जंतू असतात.”

“म्हणजे हिनं...”

“म्हणजे कुणीच काही नाही. कुणाकडून कुणाला, हे मलाही कळत नाही, यंत्रालाही कळत नाही.” मग त्या जरा थांबतात. “एकटीनं घेतलं तर तिला परत होणार. फडावर कंबर धरून बसणार. दवाखाना परत. खाडा किती पडतो तुमच्याकडं?”

“दिवसाला पाचशे. औंदा जास्त म्हणतेत.”

“मग हिशोब करा.”

नवरा हिशोब करतो, ते त्याच्या ओठांवर दिसतं. प्रेमानं, धाकानं, शास्त्रानं जे झालं नसतं ते खाड्यानं होतं. तो करडं पाकीट घेतो, सिस्टरनं दिलेल्या पाण्याबरोबर आमच्यासमोरच गोळ्या गिळतो आणि म्हणतो, “मुकादमाला कळू देऊ नका.” बायकोनं पदर दातांत धरलाय, हसू दाबतेय की रडू, सांगता येत नाही. तिच्या गोळ्या ती घेते.

“आता सात दिवस लांब राहायचं,” डॉक्टरीणबाई सांगतात.

“चार दिवसांनी गाडी हाय आमची. खोपीत लांब कसं राहायचं?”

“लेकरू मधी झोपवा,” सिस्टर म्हणते. नवरा बाहेर पळतो.

खरी अडचण पुढंच आहे. सूज उतरल्यावर तोंड पुन्हा बघायला हवं. तिशीच्या आतल्या बायांना अ‍ॅसिडची तपासणी कार्यक्रमात धरत नाहीत, पण संबंधानंतर रक्त दिसत होतं म्हटल्यावर औषधानंतर ते थांबलं की नाही, हे बघणं भाग आहे. न थांबलं तर पेशी तपासायला अंबाजोगाईला किंवा बीडला पाठवावं लागेल. सहा आठवड्यांनी ही पोरगी कृष्णाकाठच्या कुठल्यातरी फडात असेल. डॉक्टरीणबाई तिथल्या सरकारी दवाखान्यात जायला सांगतात. ती ऐकून घेते. तिथं अंधारात फडावर जायचं आणि अंधारात परतायचं, मधल्या वेळात दवाखाना उघडून मिटतो, हे ती बोलत नाही. व्हरांड्यात दुसरी एकजण ते बोलून दाखवते.

तेव्हा कार्ड. डॉक्टरीणबाई मराठीत, सुटं सुटं लिहितात: गर्भाशयमुखाला जंतुसंसर्गाची सूज. पती-पत्नी दोघांना औषध दिले. सहा आठवड्यांनी फेरतपासणी. त्याखाली रेघ मारून: गर्भाशय काढण्याची गरज नाही. पोरगी सातवीपर्यंत शिकलीय. ती कार्ड उजेडाला धरून बोटानं एकेक शब्द वाचते. शेवटची ओळ दोनदा वाचते आणि विचारते, “शिक्का?” सिस्टर उपकेंद्राचा गोल शिक्का उमटवते.

“परत आल्यावर तुमच्याकडंच येते. तुम्ही असताल ना?”

“माझी ऑर्डर अकरा महिन्यांची आहे. फेब्रुवारीत संपते. दुसरं कुणी असेल, कार्ड दाखव.”

ती मान डोलावते आणि पुन्हा कार्डाकडं बघते. “वय चुकलंय,” म्हणते. “सत्तावीस लिवलंय. मी पंचवीस.”

“आधारवर सत्तावीस आहे,” सिस्टर म्हणते.

“आधारवर लग्नासाठी वाढवलं व्हतं.”

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या ४३.७ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं होतं. कोवळ्या वयात तोंडावरचं ते आतलं लाल अस्तर जास्त उघडं असतं, आणि जंतू काय, विषाणू काय, तिथं लवकर धरतात. डॉक्टरीणबाई पेन उचलतात, मग खाली ठेवतात. आधारशी जुळलं नाही तर कार्ड कुठंच चालणार नाही.

“राहू दे सत्तावीस,” त्या म्हणतात. “तीस लागल्यावर अ‍ॅसिडची तपासणी फुकट करतात. तुझी दोन वर्षं आधी होईल.”

पोरगी हसते, लेकाला हाक मारते आणि कार्ड पोलक्यात खोचते. आशाताई दारातून पुढचं नाव पुकारते.